बाबांचं वय

मंगळवार, रात्री साडेनऊ. लाईट आत्ताच आली.

आज वर्ध्याला जाऊन छाती दाखवून आलो. दुखत काहीच नाही. वय 44, वजन 61, सोयाबीनची डवरणी एकट्यानं उरकली. पण पंचमीला माय सहज बोलून गेली, "तू हासतं तवा तुह्या बाबावानीच दिसतं," अन् डोक्यात किडा शिरला.

डॉक्टरीणबाईंचा पहिला प्रश्न माझ्याबद्दल नव्हताच. वडील गेले तेव्हा वय किती? बाप-भावाला 55 च्या आत किंवा आई-बहिणीला 65 च्या आत हृदयविकार झाला असेल, तर ते घराण्यातलं धरतात म्हणे. मी अडलो. बाबांच्या दाखल्यावर 1 जून 1956. गुरुजींनी अर्ध्या गावाला 1 जूनच वाटलेली. त्या हिशेबानं गेले तेव्हा ते 57 वर्षांचे. तिथूनच मायला फोन लावला. "बहात्तरच्या दुष्काळात मिलोच्या भाकरी खाल्ल्या, तवा ते बारा वर्साचे होते." म्हणजे जन्म 1960 चा. गेले 2013 ला. 53.

कागदावर सुटलो, मायच्या हिशेबात सापडलो. बाईंनी मायचंच लिहून घेतलं.

ईसीजी साफ. मी उठायला लागलो तर म्हणाल्या, बसा. ईसीजी आजचं सांगतो, नळीत काय साचतंय ते त्यात दिसेलच असं नाही. एलडीएल, म्हणजे रक्तातलं वाईट कोलेस्ट्रॉल, 148 निघालं. तुमच्या घरात एवढं चालवून घ्यायचं नाही, म्हणाल्या. शिवाय लायपोप्रोटीन-ए नावाच्या रक्तातल्या चरबीच्या कणाची तपासणी लिहून दिली. ते आईबापाकडूनच येतं, पथ्यानं-मेहनतीनं फारसं हलत नाही, म्हणून बहुतेकांना जन्मात एकदा तपासलं तरी पुरतं. वावरासारखं हेही वारसानं नावावर चढतं तर!

काटक तर बाबाही होते. डवरा थांबवून धुऱ्यावर बसले, "गॅस धरला" म्हणाले. आम्ही ओवा दिला, सोडा पाजला, पाठ चोळली. तास-दीड तास त्यातच गेला. बैल तोवर जुपलेलेच उभे.

येताना स्टँडवर पानठेल्याकडे पाय आपसूक वळले. तंबाखू-सुपारीचा खर्रा घेतला नाही, असं लिहायला आवडलं असतं. घेतला. पन्नी अजून सोडली नाही.

धाकट्याला फोन केला, बाप त्याचाही तोच. "मले काय होते? मी तं रोज जिमला जातो." मग जरा थांबून म्हणाला, रविवारी करतो तपासणी. कोणत्या रविवारी, ते विचारायचं राहिलं.