डिकँटर बघायला गेले आणि

टोकियो, गुरुवार रात्र

दुपार सुमिदा भागातल्या काच कापायच्या एका छोट्या कारखान्यात गेली. बघायचा होता व्हिस्कीचा डिकँटर, म्हणजे दारू ओतून ठेवायची काचेची सुरई, गडद निळा, एदो किरिको नक्षीचा, म्हणजे इथल्या पद्धतीने काच कापून केलेल्या नक्षीचा. बघून आले, पण डोक्यात राहिली ती कापणाऱ्याची वाकलेली मान.

कारण काच जिथे कापली जातेय ती जागा त्याला थेट दिसतच नाही. फिरती चकती खाली, काचेची बाहेरची बाजू तिच्यावर टेकवलेली, आणि हा वरून, काचेच्या आतून आरपार बघतोय. काचेवर आधी आखलेली असते ती नुसती उभ्या-आडव्या खुणांची जाळी. बाकी नक्षी हाताला पाठ. आधी हिऱ्याच्या चकतीने खोल चर, मग आणखी बारीक चकती, मग दगडाची, शेवटी पॉलिश. निळा थर अगदी पातळ असतो. तो कापला की खालची बिनरंगी काच उघडी पडते आणि तिथून उजेड शिरतो. काळी काच म्हणूनच अवघड, आरपार दिसतच नाही.

पेल्याचं तोंड मोठं, डोळा सरळ आत जातो. डिकँटरची मान अरुंद. म्हणजे पलीकडच्या रंगीत भिंतीतूनच बघायचं, आणि तीही अर्धी कापलेली! मला तर तिथे उभ्या उभ्याच घाम फुटला.

ही कला १८३४ सालची, असं सांगतात. एदो, म्हणजे जुन्या टोकियोतल्या कागाया क्यूबेई नावाच्या काचेच्या व्यापाऱ्याने कुरुंदाच्या पुडीने काचेवर नक्षी कोरली. पुढे १८८१ मध्ये सरकारी कारखान्यात इमॅन्युएल हाउप्टमान हा इंग्लंडहून आणलेला कारागीर शिकवायला आला. आज जी 'अस्सल जपानी' म्हणून कौतुकाने दाखवली जाते, तिच्यात हा परदेशी हात मुरलेला आहे. मला ते उलट आवडलं. नक्ष्या मात्र इथल्याच: भांगेच्या (हेम्पच्या) पानाची, टोपलीच्या विणीची, आणि नानाको, म्हणजे माशाची अंडी. नानाकोत तिरक्या रेषा एकमेकींना छेदतात, एक रेषा केसभर सरकली की सगळी रांग बिघडते.

बाजारात 'किरिकोवरून प्रेरित' डिकँटर बरेच दिसतात. त्यांतले साच्यात दाबलेले बोटाला कळतात. कडा गुळगुळीत, कुठे कुठे साच्याची शिवणही. हाताने कापलेल्याची कड बोटाला जाणवते. साच्यातला वाईट असतो असं नाही, फक्त त्याला कापलेल्याचा भाव देऊ नये.

आणि व्हिस्कीला खरं तर डिकँटर लागतच नाही. जुन्या वाइनमध्ये गाळ बसतो, तो मागे ठेवायला डिकँटर. व्हिस्कीत गाळ नाही, आणि पिंपातून बाहेर आली की तिचं मुरणंही थांबतं. उलट काच शिशाची असेल तर महिनोन् महिने भरून ठेवलेल्या दारूत शिसं उतरतं. संध्याकाळी ओतावी, उरलेली परत बाटलीत.

शेवटी डिकँटर तिथेच ठेवला आणि नानाकोचा एक बुटका पेला घेतला. डिकँटर कपाटात दिसायला सुंदर, पण नक्षी रोज बोटांखाली यायला हवी असेल तर पेलाच बरा. शिवाय पेल्यात शिसं उतरण्याइतका वेळ व्हिस्की माझ्याकडे टिकत नाही.