सायलेन्सरचा पांढरा धूर आणि खंबाटकीची चढण

गेल्या डिसेंबरात सकाळी गाडी सुरू केली की सायलेन्सरमधून पांढरा धूर येत असे, आणि साताऱ्यातली थंडी पाहता मला त्यात काही वावगे वाटले नाही. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होतेच. एक लिटर पेट्रोल जळले तर साधारण तेवढेच पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते. थंडीत ही वाफ गारठून धुरासारखी दिसते आणि नळीच्या तोंडाशी थेंबही ठिबकतात. असा धूर विरळ असतो, बाहेर पडताच विरतो आणि सायलेन्सर तापला की पाच-दहा मिनिटांत थांबतो. माझ्या गाडीचा धूर मात्र वाढे फाट्याला महामार्गावर लागल्यानंतरही आरशात दिसत असे, आणि नेमक्या याच गोष्टीकडे मी पंधरा दिवस काणाडोळा केला.

मग एका सकाळी गाडी सुरू करताच इंजिन मिनिटभर अडखळले, ज्याला गॅरेजमध्ये ‘मिसिंग’ म्हणतात तसे, आणि मागे धुराचा दाट लोट उठला. त्याला गोडसर वास होता. गुऱ्हाळाजवळून जाताना येतो तसा, पण त्यात औषधी उग्रपणा मिसळलेला. हा वास कूलंटमधल्या, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवातल्या, ग्लायकॉलचा असतो आणि ते विषारी असल्यामुळे खात्री करण्यासाठी पुन्हा पुन्हा हुंगत बसू नये. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे आणि काळा म्हणजे पेट्रोल जास्त जाते आहे, एवढे मला ठाऊक होते. डिझेल गाडीत न जळलेले डिझेलही पांढऱ्या धुराच्या रूपाने बाहेर पडते, तेव्हा गार इंजिन तापवणारे ग्लो प्लग आणि इंधन फवारणारे इंजेक्टर पाहावे लागतात. पण माझी गाडी जुन्या धाटणीची, पेट्रोलवर चालणारी होती.

त्या दिवशी मी कूलंटच्या बाटलीवर पातळीच्या रेषेशी चिकटपट्टी लावली आणि रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरायला सुरुवात केली. आठ दिवसांत पातळी दोन बोटे खाली गेली आणि पुठ्ठा कोरडाच राहिला. कूलंट जमिनीवर सांडत नव्हते, म्हणजे ते इंजिनातच जळत असणार. ऑइलच्या झाकणाखाली ताकासारखा फेस दिसतो का तेही पाहिले, तो नव्हता. अर्थात, रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत थंडी-पावसाळ्यात असा फेस नुसत्या दमटपणानेही जमतो, त्यामुळे एवढ्यावरून निदान करू नये. रेडिएटरचे झाकण मात्र इंजिन पूर्ण गार झाल्याशिवाय उघडू नये, कारण आतले पाणी दाबाखाली असते आणि झाकण सैल होताच उकळत अंगावर उडते.

पहिल्या मेकॅनिकने काहीही न उघडता इंजेक्टर साफ करण्याचा सल्ला दिला. एका स्नेह्यांनी रेडिएटरमध्ये हळद टाकायला सांगितले. हा जुना तोडगा रेडिएटरच्या बारीक छिद्रापुरता वेळ मारून नेतो. पण ज्वलनाचा दाब जिथे धडका देतो तिथे हळद टिकत नाही, उलट रेडिएटरच्या नळ्या मात्र तुंबतात.

दुसऱ्या मेकॅनिकने आधी पेट्रोल पेटवणारे चारही स्पार्क प्लग काढून फडक्यावर ओळीने मांडले. तीन प्लग फिकट तपकिरी होते आणि तिसऱ्या सिलिंडरचा धुऊन काढल्यासारखा स्वच्छ, कारण तिथे रोज वाफेची आंघोळ होत होती. मग त्याने रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी बसवून इंजिन सुरू केले. सिलिंडरमधला जळका वायू कूलंटमध्ये घुसत असेल, तर त्यातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे हा द्रव पिवळा पडतो. आमचा द्रव काही मिनिटांतच पिवळा झाला. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावर बसणारे हेड यांच्यामधली गळती रोखणारी चकती, गेले, हे आता अंदाजाने नव्हे तर पुराव्याने ठरले होते, आणि हेड उतरवण्याचे मोठे काम सांगण्यापूर्वी मेकॅनिककडे एवढा पुरावा मागायला हरकत नसावी.

हेड उतरवल्यावर तिसऱ्या सिलिंडरपासून पाण्याच्या वाटेपर्यंत गॅस्केटवर काळपट ओघळ दिसला. हेडवर सरळ पट्टी ठेवून खाली फट मोजायच्या पातळ पात्यांचे फिलर गेज सरकवले, तर ०.१० मिलिमीटरचे पातेही आत गेले. त्या इंजिनाला मुभा ०.०५ ची होती. ॲल्युमिनियमचे हेड अति तापले की असे वाकते, आणि वाकलेल्या हेडखाली नवे गॅस्केट घातले तर तेही लवकरच जाते. म्हणून हेड वर्कशॉपमध्ये ग्राइंडिंगला दिले. बोल्ट आवळताना ताणले जाणाऱ्या प्रकारचे होते, त्यामुळे नवे घ्यावे लागले; ते ठरावीक जोर मोजून देणाऱ्या टॉर्क पान्याने, मधून कडेकडे, टप्प्याटप्प्याने आवळले. दोन वर्षे मी वरून बोअरचे पाणी घालत होतो, हे रेडिएटरमधून निघालेल्या तांबूस गाळाने उघड केले. आता निम्मे कूलंट आणि निम्मे डिस्टिल्ड पाणी आहे.

पण हेड तापलेच का, हा प्रश्न उरला होता. मेकॅनिकने गाडी जागेवर चालू ठेवली. तापमानाचा काटा मध्याच्या वर गेला तरी रेडिएटरचा पंखा हलेना. “काका, जरा एसी लावा,” तो म्हणाला, आणि एसी लावताच पंखा गरगरू लागला. म्हणजे मोटर ठीक होती. रेडिएटरचे पाणी तापल्यावर पंखा चालू करणारा अंगठ्याएवढा स्विच निकामी झाला होता. मोकळ्या रस्त्यावर वाऱ्यानेच रेडिएटर गार राहतो, म्हणून एरवी कळले नाही. दिवाळीत पुण्याहून परतताना मात्र खंबाटकीच्या चढणीवर तासभर वाहतूक अडली होती, काटा वर चढला होता, आणि इंजिनावरचा भार कमी व्हावा म्हणून मी आपण सगळे करतो तेच केले होते: एसी बंद केला होता.

नवा स्विच बसवल्यावर त्याने एसी न लावता गाडी अर्धा तास उभी चालवली. पंखा तेवढ्यात तीनदा आपोआप सुरू झाला आणि तीनदा थांबला.