दोन भाषांची पाटी आणि आमचं बेळगाव

ऑस्ट्रियातून ब्रेनर खिंड ओलांडली की इटलीत थोड्याच वेळात श्टेर्त्सिंग लागतं. इटालियनमध्ये विपितेनो. गेलो होतो जुनी पेठ बघायला, पण दिवसभर पाट्याच वाचत राहिलो.

पेठ देखणीच आहे. १४४३ च्या आगीत गाव जळालं आणि आसपासच्या चांदीच्या खाणींच्या पैशावर पुन्हा उभं राहिलं. जुन्या आणि नव्या पेठेच्या मधोमध ४६ मीटरचा मनोरा आहे आणि त्याच्या कमानीखालून रस्ता आरपार जातो. रस्त्यावर झुकलेले बंदिस्त सज्जे, मागे थेट डोंगर.

पण माझी नजर अडकली ती रस्त्याच्या नावावर. वर ‘नॉयश्टाट’, खाली ‘वीया चित्ता नुओवा’. नगरपालिकेच्या सूचनाही दोन्ही भाषांत. बेकरीत माझ्या पुढच्या आजी जर्मनमध्ये बोलल्या, त्यांच्यामागचे गृहस्थ इटालियनमध्ये, आणि काउंटरवरच्या मुलीने दोघांनाही ज्याच्या-त्याच्या भाषेत उत्तर दिलं. मी कडक, पातळ शुटेलब्रोट घेतला. राईच्या पिठात बडीशेप आणि मेथीच्या जातीचा एक पाला घालतात, त्यामुळे वास थेट मेथीच्या खाकऱ्याचा!

हे सुख आयतं मिळालेलं नाही. १९१९ च्या तहाने हा जर्मन मुलूख ऑस्ट्रियाकडून इटलीकडे गेला. मुसोलिनीच्या काळात शाळांतून जर्मन हद्दपार झाली, तेव्हा लोकांनी मुलांना चोरून शिकवलं. १९४६ च्या कराराने हक्क कबूल झाले, पण अंमलबजावणी रखडली. १९७२ च्या स्वायत्तता कायद्यानंतर चित्र खरं पालटलं. आज सरकारी नोकरीला दोन्ही भाषांची परीक्षा लागते.

मी बेळगावचा. माझे बाबा मराठी शाळेत शिकलेले. जमिनीचा कानडी उतारा हातात घेऊन ते कचेरीच्या दारात वाचून देणारा माणूस शोधतात. हे मी लहानपणापासून बघतोय.

इथल्या लोकांचं कौतुक आहे, पण आम्ही कमी पडलो असं मला कोणी म्हणू नये. इथे १९६१ मध्ये एका रात्रीत विजेचे कितीतरी मनोरे स्फोटांनी उडवले गेले. आमच्याकडे १९५६ मध्ये माणसं हुतात्मा झाली, तरी लोक मोर्चे काढत आणि मतं देत राहिले. महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा लावला, त्याची वाट आम्ही अजून बघतोय. या संयमाची किंमत दिल्लीला कळली नाही, हा काही आमचा दोष नव्हे.

सीमा कुठे असावी हे न्यायालय ठरवील तेव्हा ठरवील. श्टेर्त्सिंगही इटलीतच राहिलं आहे. पण तोवर बेळगावात उतारा, पाणीपट्टीचं बिल, बसची पाटी कानडीच्या जोडीने मराठीत छापायला काय अडतं? आणि हाच न्याय आपल्या जत-अक्कलकोटच्या कन्नड माणसालाही मिळालाच पाहिजे, हे मी इथे आल्यापासून जास्त ठामपणे म्हणतो.