जाड अक्षराच्या पायात कापशी

आमच्या बी-बियाणांच्या दुकानाचं पावतीबुक संपलं म्हणून गेल्या महिन्यात कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत एका प्रेसमध्ये गेलो, तिथल्या डीटीपीवाल्या पोराला म्हटलं इंग्लिश नाव जरा जुन्या वळणाचं, भारदस्त दे, तर त्यानं सात-आठ फॉन्ट फिरवले आणि क्लॅरेंडन आला तसं मी म्हटलं, थांब भावा, हेच!

काय रुबाब असतोय राव. उभ्या दांड्याच्या बुडाला जाड चपटी पट्टी, म्हणजे सेरिफ, पण ती काटकोनात चिकटवल्यासारखी नाही, दांडाच जरा गोलाई घेत खाली पसरतो. छोट्या आरच्या टोकाला तर चक्क एक टपोरी गोळी. मला ते कापशी, म्हणजे आपली जाड तळाची कोल्हापुरी चप्पल, घालून चौकात उभ्या राहिलेल्या पैलवानासारखं दिसतं, तळ जाड आणि पाय घट्ट.

घरी येऊन वाचलं तर हे निघालं 1845 चं, लंडनच्या फॅन स्ट्रीट फाउंड्रीतलं, रॉबर्ट बेस्लीनं काढलेलं. फाउंड्री म्हटलं की आपल्याला शिरोली एमआयडीसीतले ओतकामाचे कारखानेच आठवणार, पण लंडनात ओतायचे ते छपाईचे खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, शिसं, अँटिमनी आणि कथलाची. आणि हा पैलवान मुळात बोर्डासाठी नव्हताच! साध्या मजकुराच्या ओळीत, डिक्शनरीत वगैरे, एखादाच शब्द उठून दिसावा एवढंच त्याचं काम. जाड टाइप आधीही होते, पण ते पोस्टरचे, अगडबंब, ओळीत घातले तर पंगतीत हत्ती बसवल्यासारखं झालं असतं. बेस्लीनं डिझाइन रजिस्टर केलं, पण कायद्याचं संरक्षण तीनच वर्षं, मुदत संपली आणि बाकीच्यांनी धडाधड नकला काढल्या, पुण्या-मुंबईत दर कोपऱ्यावर ‘अस्सल कोल्हापुरी’ लागतंय तसंच की. पुढं तर अमेरिकेतल्या नॅशनल पार्कांच्या पाट्यांवरसुद्धा हेच अक्षर गेलं.

तर इंग्लिश नाव झकास आलं. मराठी नावाला मात्र त्या पोरानं नुसतं बोल्डचं बटण दाबलं. आता खरं जाड अक्षर करायचं तर रेघ जाडवताना आतली पोकळी पण सांभाळावी लागते, त्यासाठी माणूस बसून प्रत्येक अक्षर वेगळं काढतो, आणि कॉम्प्युटर काय करतोय तर आहे तीच रेघ चारी बाजूंनी फुगवतो, पाण्यात टाकलेल्या हरभऱ्यासारखी. प्रूफ मी मोबाईलवर बघून ओके म्हटलं, हा माझा गाढवपणा. छापून आलं तर ‘ष’च्या पोटातली तिरकी रेघ पोटातच जिरलेली.

आबांनी चष्मा कपाळावर सरकवला, पावतीबुक डोळ्यांजवळ धरलं आणि सावकाश वाचलं, ‘कृपी सेवा केंद्र’. आबा कीर्तनातले, म्हणाले, “द्रोणाचार्यांची बायको आपल्या दुकानात काय कराय लागलीय रं?”

वीस बुकं आहेत अजून. ‘ष’ची रेघ मी पेनानं मारतोय, गिऱ्हाईक बघून.