एकाच कामाची तीन फंक्शन्स

आज बराच वेळ सी भाषेतल्या एका पॅचच्या, म्हणजे कोडमध्ये सुचवलेल्या बदलाच्या, रिव्ह्यूत गेला. बदल छोटासाच होता: कॉन्फिग फाइलमधून वाचलेल्या ओळीच्या शेवटची मोकळी जागा छाटणारं एक हेल्पर फंक्शन. नाव ओळखीचं वाटलं म्हणून ग्रेप मारलं, म्हणजे सगळ्या कोडमध्ये शोधलं, तर तेच काम करणारी आणखी दोन निघाली. तिन्ही वेगवेगळ्या फाइल्समध्ये स्टॅटिक, म्हणजे त्या-त्या फाइलपुरती, त्यामुळे फाइल्स जोडणाऱ्या लिंकरनेही कधी तक्रार केली नव्हती.

वागायला मात्र तिन्हींची तीन तऱ्हा. एक नवी कॉपी देतं. तिची मेमरी फ्री (मोकळी) करायची जबाबदारी कॉल करणाऱ्याची. दुसरं दिलेल्या स्ट्रिंगमध्येच तिचा शेवट दाखवणारा शून्य बाइट लिहितं. त्याला कोडमधली अवतरणातली स्ट्रिंग थेट दिली, तर लिनक्सवर बहुधा सेगफॉल्टच (प्रोग्राम कोसळतो), कारण ती फक्त वाचता येणाऱ्या मेमरीत असते. तिसरं बफर आणि साइज घेतं, पण आत स्ट्रएनकॉपी, ठरावीक बाइट्सपर्यंतच कॉपी करणारं सी लायब्ररीतलं फंक्शन! सोर्स बफरएवढा किंवा त्याहून लांब असला, की ते शेवटचा शून्य बाइट लिहीतच नाही.

मी सुचवलं, फक्त वाचायचं असेल तर पॅरामीटर कॉन्स्ट करा (म्हणजे त्यात लिहायचं नाही), लिहायचं असेल तर साइजही घ्या. फंक्शनच्या आत साइझऑफ लावून बफरचा साइज काढू म्हटलं, तर भागत नाही. ६४-बिट मशीनवर तिथे बफरचा नाही, तर त्याचा पत्ता धरणाऱ्या पॉइंटरचे ८ बाइट मिळतात.

पॅच लिहिणारा मुलगा नवा आहे. हेल्पर कुठे शोधायचे हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं, मग त्याने तरी काय करावं? संध्याकाळी दोघांनी बसून तिन्हींचं एकच केलं आणि हेडरमध्ये, म्हणजे फंक्शन्स जाहीर करणाऱ्या सामायिक फाइलमध्ये, वर कॉमेंट लिहिली: मेमरी कोणाची, साइज कशाचा. जुने कॉल उद्या बदलणार आहोत.