रिओ आठवतोय का कुणाला?
एमपीथ्री प्लेअर म्हटलं की लोक थेट आयपॉडवरच येतात, पण त्याच्या ३ वर्षं आधी, १९९८ ला अमेरिकेत डायमंड मल्टिमीडियाने रिओ पीएमपी३०० काढला होता. मेमरी फक्त ३२ एमबी, म्हणजे बऱ्या क्वालिटीत जेमतेम अर्धा तास गाणी, पेन्सिल सेल एकच आणि गाणी भरायची ती पीसीच्या प्रिंटरवाल्या पोर्टमधून!

पण खरी गोष्ट कोर्टातली आहे. तिथल्या म्युझिक कंपन्यांच्या संघटनेने विक्री थांबवायला केस टाकली आणि १९९९ मध्ये अपील कोर्टाने सांगितलं की हा प्लेअर रेकॉर्डिंग मशीन नाहीच, कॉम्प्युटरवरची फाइल नुसती सोबत नेतोय, त्यामुळे विक्री थांबली नाही. माझ्या मते पुढच्या सगळ्या प्लेअर्सचा रस्ता इथेच मोकळा झाला, आणि याचं श्रेय रिओला कुणी देत नाही याचं खरंच वाईट वाटतं.

नंतर मालक बदलत गेले, त्यातली सॉनिकब्लू कंपनी २००३ मध्ये दिवाळखोरीत, मग रिओ डेनॉन-मरांट्झ या ऑडिओ ब्रँडवाल्यांकडे. त्याच वर्षीचा २० जीबीचा रिओ कार्मा तर काय भारी होता, एमपीथ्रीशिवाय फ्लॅक, ऑगसारखे फाइल फॉरमॅट सगळे वाजवायचा, दोन गाण्यांमध्ये गॅप नाही, डॉकला (तो ठेवायच्या स्टँडला) चक्क नेटवर्कची केबल जोडता यायची! तरी २००५ मध्ये ब्रँड बंदच केला त्यांनी.