कऱ्हाडकरांचे नाव सापडेना

ठाण्यातील लहान कार्यालयांचे संगणक सांभाळण्याचे काम मी गेली अठरा वर्षे करतो आहे. त्यात पतपेढ्या, दवाखाने, शिकवणीवर्ग आहेत आणि नौपाड्यातील एक जुने वाचनालयही आहे. या वाचनालयातील चार संगणकांवर मी २०२५ च्या दसऱ्याला विंडोज काढून लिनक्स ही दुसरी संगणकप्रणाली बसवली. दुसऱ्या दिवशी सकाळी तेथे जे घडले, त्याचा दोष सर्वस्वी माझा होता, हे आधीच सांगून टाकतो.

बदल करण्याचे कारण साधे होते. विंडोज १० ला मोफत सुरक्षा सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ पर्यंतच मिळणार होत्या. विंडोज ११ बसवायचे, तर इंटेलचा प्रोसेसर किमान आठव्या पिढीचा हवा आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोयही हवी. वाचनालयातील यंत्रे चौथ्या पिढीची होती. यंत्रे उत्तम चालत होती, आणि चार नवी घेण्याइतके पैसे संस्थेकडे नव्हते. मी लिनक्स मिंट या लिनक्सच्या एका प्रकाराची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती सुचवली, कारण ती चार जीबी मेमरीवर सुखाने चालते आणि तिला २०२९ पर्यंत सुधारणा मिळत राहणार आहेत. २ ऑक्टोबरला दसरा आणि गांधीजयंती एकत्र आल्यामुळे वाचनालय बंद होते, म्हणून तोच दिवस ठरला. ग्रंथपाल बाईंनी आदल्या दिवशी संगणकांना हळदकुंकू लावून झेंडूची फुले वाहिली होती. ‘‘पूजा करून दुसऱ्याच दिवशी त्यांचं पोट फाडताय होय?’’ असे त्या म्हणाल्या खऱ्या, पण सीमोल्लंघनाला मुहूर्त चांगला आहे, हेही त्यांनीच सांगितले.

प्रणाली बसवणे हा या कामातील सर्वांत सोपा भाग असतो. पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करून सगळे चालते की नाही ते आधी पाहता येते, आणि मग तासाभरात एक यंत्र तयार होते. प्रिंटर जोडल्याबरोबर ओळखला गेला. खरा घोर होता तो मजकुराचा. वाचनालयाची ग्रंथसूची आणि सभासदांची यादी जवळजवळ पंधरा वर्षे एका जुन्या मराठी फॉन्टमध्ये टंकलिखित झालेली होती. अशा फॉन्टमध्ये संगणकाच्या लेखी मराठी नसतेच. इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागांवर मराठी अक्षरांची चित्रे बसवलेली असतात, आणि तो फॉन्ट काढून घेतला की डॉलर, स्वल्पविराम आणि इंग्रजी अक्षरांचा काला तेवढा उरतो. फॉन्टची फाइल लिनक्सवर नेली असती तर जुना मजकूर डोळ्यांना दिसला असता. पण त्यात शोध घेता आला नसता आणि अकारविल्हे लावताही आला नसता. विंडोजवर तरी तो कुठे लागत होता? यादी लावली की ती इंग्रजी चिन्हांच्या क्रमाने लागत असे, म्हणून बाई वर्षानुवर्षे सूचीचा क्रम हाताने ठरवत आल्या होत्या. तेव्हा सगळे युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षराला स्वतःचा ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, आणायचे ठरले आणि त्यासाठी मी स्वतः एक छोटा प्रोग्राम लिहिला.

हा प्रोग्राम लिहिताना आपली लिपी किती खट्याळ आहे ते कळते. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी डोळ्यांना दिसते त्या क्रमाने, म्हणजे अक्षराच्या आधी उमटवलेली असते. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. तिला एकाच चिन्हावरून उडी मारायला लावले, तर ‘स्थिती’ची ‘स्िथती’ होते. उडी अख्ख्या जोडाक्षरावरून मारावी लागते. रफाराचे नेमके उलट असते. तो जुन्या मजकुरात अक्षराच्या शेवटी असतो आणि त्याला काना-मात्रा ओलांडून मागे, व्यंजनाच्याही आधी न्यावे लागते. हे दोन्ही मी नीट केले होते आणि शेकडो ओळी तपासल्या होत्या. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ ही जोडीसुद्धा वेगवेगळी उमटते आहे, हे पाहून मी स्वतःवर खूश होतो.

३ तारखेला सकाळी वाचनालय उघडले. दिवाळी अंकांच्या योजनेची नोंदणी त्याच दिवशी सुरू होत असल्याने दारात दहाबारा माणसे उभी होती. मी मुद्दाम थांबलो होतो. पहिली सातआठ नावे झटपट मिळाली. पाचव्या क्रमांकावरच्या आजोबांनी पडद्याकडे निरखून पाहत ‘‘हा ल हिंदीतला आहे’’ अशी तक्रार केली, आणि ती बरोबर होती. पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ही आपली वळणे शासनानेही २००९ मध्ये प्रमाण म्हणून स्वीकारली आहेत. राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा हा फॉन्ट माझ्याजवळ होता, तो मी तेथल्या तेथे बसवला.

मग एक सभासद आले. त्यांचे खरे नाव देत नाही, येथे त्यांना कऱ्हाडकर म्हणतो. काउंटरवरच्या मुलाने नाव टंकून शोध घेतला आणि म्हणाला, ‘‘काका, तुमचं नाव यादीत नाही.’’

‘‘नाही म्हणजे? तीस वर्षं सभासद आहे मी. तुझा जन्म झाला नव्हता तेव्हापासून.’’

मुलाने पुन्हा शोधले, पण नाव मिळाले नाही. मागची रांग चुळबुळू लागल्यावर त्याने भाबडेपणाने नव्या सभासदाचा अर्ज पुढे केला, आणि मग मात्र कऱ्हाडकरांचा आवाज वर गेला. बाई धावत आल्या. त्यांनी शोध सोडून यादी बोटाने खाली सरकवायला घेतली, आणि ‘क’च्या पानावर नाव स्वच्छ दिसत होते. शोधाच्या खिडकीतले कऱ्हाडकर आणि यादीतले कऱ्हाडकर यांच्यात तिळाइतकाही फरक नव्हता. संगणकाला मात्र ती दोन वेगळी माणसे वाटत होती.

मी बाजूच्या संगणकावर बसलो. थोड्या वेळाने एका बाईंचे कुऱ्हाडे हे नावही सापडेना, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला, कारण दोन्ही नावांत समान होता तो ऱ्ह. मी दोन रकान्यांत दोन्ही कऱ्हाडकर ठेवले आणि शब्दाची लांबी मोजण्याचे सूत्र लावले. मुलाने टंकलेल्या नावाची लांबी आठ आली. यादीतल्या नावाची आली नऊ.

तो नववा घटक डोळ्यांना दिसत नाही. मराठीतला हा अर्धचंद्रासारखा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एका प्रकारात खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्त येतो. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यापुढे शून्य रुंदीचे एक अदृश्य जोडचिन्ह येते. पडद्यावर आणि छापल्यावर दोन्ही एकसारखे दिसतात. मी फार पूर्वी दुसरी पद्धत शिकलो होतो, म्हणून प्रोग्रामच्या तक्त्यात तीच घातली. मुलाला इनस्क्रिप्ट ही मराठी टंकण्याची कळफलक-पद्धत शिकवताना मात्र शिफ्ट दाबून र ची कळ मारायला सांगितले, आणि त्या कळीवर टिंबाचा ऱ असतो. म्हणजे यादी एका पद्धतीने लिहिली गेली आणि शोध दुसऱ्या पद्धतीने घेतला गेला. आदल्या दिवशी मी तपासणी केली ती वाचून. एकही नाव हाताने टंकून शोधून पाहिले नाही. ‘आचाऱ्यांना’ बरोबर दिसले आणि मी त्यावरच समाधान मानले.

दुरुस्तीला चार मिनिटे लागली. र, हलन्त आणि जोडचिन्ह दिसेल तेथे टिंबाचा ऱ आणि हलन्त घालायचा, इतकेच. सभासदांच्या यादीत सदतीस ठिकाणी बदल झाला आणि ग्रंथसूचीत तीनशेच्या वर. किनाऱ्यांवर, वाऱ्यावर आणि दऱ्याखोऱ्यांत घडणाऱ्या साऱ्या कादंबऱ्या सकाळपासून शोधाच्या बाहेर होत्या. त्या कोणी मागितल्या नाहीत, हे माझे नशीब. जाता जाता यादी लावण्यासाठी भाषा म्हणून मराठी निवडली, तेव्हा ळ आपल्या वर्णमालेप्रमाणे ह च्या मागे जाऊन बसला आणि ‘काव्य’ हे ‘काळ’च्या आधी आले. बाईंनी चष्मा सारखा करून तो क्रम दोनदा वाचला. पंधरा वर्षे त्यांनी हाताने राखलेला क्रम तोच होता.

मी कऱ्हाडकरांची माफी मागितली आणि चूक मुलाची नसून माझी असल्याचे सांगितले. त्यांनी विचारले, ‘‘म्हणजे माझ्या नावात एक न दिसणारं अक्षर होतं?’’ मी हो म्हटले. त्यांनी मुलाला पुन्हा शोधायला लावले, आणि या वेळी त्यांचे नाव दोनदा आले. गडबडीत त्या मुलाने अर्धा अर्ज भरून टाकला होता. बाईंनी नवी नोंद खोडली, जुना सभासद क्रमांक मोठ्याने वाचून दाखवला आणि योजनेची पावती फाडली.